एसीचा पाईप ‘मशीनवर प्रेस केला’ म्हणून मला क्लिपा लावून दिल्या

वरोरा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी भाड्याची गाडी चालवतो. बहुतेक भाडी दवाखान्याची असतात, सेवाग्राम नाहीतर नागपूर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि मागच्या सीटवर ऑपरेशन झालेली म्हातारी असली की एसी म्हणजे चैन राहत नाही.

एप्रिलच्या शेवटी एसीतून गरम हवा यायला लागली. जवळच्या मेकॅनिकने कॉम्प्रेसरकडून (गॅस दाबणारा पंप) कंडेन्सरकडे (गॅस थंड करणारी पुढची जाळी) जाणारा पाईप चिरलेला दाखवला. तो खरंच चिरला होता. “भाऊ, कंपनीचा पाईप मागवला तं आठ दिवस लागते. मी एसीचाच नवा पाईप मशीनवर प्रेस करून देतो, दोन वर्षं पाहाचं काम नाही.” गाडी ठेवा, संध्याकाळी या, म्हणाला. गॅससकट ४,८०० रुपये घेतले. पाईपवर वायरिंगवर असतं तसं काळं प्लास्टिकचं कव्हर चढवलेलं होतं. मला ते नीटनेटकं वाटलं.

नऊ दिवसांत कूलिंग गेलं. त्याने १,४०० घेऊन पुन्हा गॅस भरला, तोही आठवडाभर टिकला नाही. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणे कॉम्प्रेसरच गेला, १४ हजार लागतील. तेव्हा मी गाडी हिंगणघाटला एका जुन्या कारागिराकडे नेली.

काकांनी आधी त्या कव्हरवरून बोट फिरवलं. बोटाला तेल आणि माती लागली. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, म्हणून गळतीच्या जागी असा चिकट थर बसतो. मग ब्लेडने कव्हर फाडलं. आत दोन्ही टोकांना स्क्रूने आवळायच्या साध्या क्लिपा! जुन्या पाईपच्या टोकावरची अ‍ॅल्युमिनियमची टोपी आरीने कापून काढली होती, आरीचे दात नळीवर खोल उमटले होते, आणि त्याच खरवडलेल्या नळीवर दुसरा रबरी पाईप कोंबला होता. टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो. उन्हाळ्यात एसीच्या या बाजूला अडीचशे ते तीनशे पीएसआय दाब असतो. तिथे क्लिप काय धरणार?

मी त्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, “ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पाईप आहे, यापेक्षा मजबूत काय पाह्यजे?” आपण शेतकरी माणसं या बोलण्याला हमखास फसतो, कारण तो पाईप मजबूत असतो हे आपल्याला माहीत असतं. पण तो तेलासाठी असतो. एसीच्या पाईपला आतून नायलॉनचा थर असतो. तो नसला तर पाईप न फुटताही रबरातून गॅस हळूहळू झिरपतो.

काकांनी माझ्यासमोर पाईप बनवला. काटकोनात स्वच्छ कापला, टोपी असलेल्या नवीन टोकाच्या नळीला तेलाचा हात लावून पाईप आत ढकलला. टोपीला बारीक छिद्र असतं, त्यातून पाईप दिसेपर्यंत तो आत जायला हवा, हे त्यांनी मला वाकून पाहायला लावलं. मग त्या मापाचा डाय, म्हणजे साचा, लावून हायड्रॉलिक मशीनवर दाबला. टोपीभोवती सारख्या, गोल खाचा उमटल्या. पक्कडीने किंवा पान्यात धरून चेपलेली टोपी चपटी, वेडीवाकडी दिसते. नवीन ओ-रिंग (जोडातली रबरी रिंग) आणि ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) टाकला, नायट्रोजन भरून साबणाच्या पाण्याने जोड तपासले, अर्धा तास दाबाचा काटा हलला नाही. त्यानंतर व्हॅक्यूम मारला, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढली, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच गॅस वजन करून भरला.

भावांनो, गाडी सोडून जाऊ नका. पाईप समोर कापायला लावा, तो एसीचाच आहे का ते त्यावरच्या छापील अक्षरांत वाचा, कव्हर शेवटी चढवू द्या. जुना पाईप परत मागा. आणि पक्कं बिल घ्या. माझ्याकडे ते नव्हतं, त्यामुळे ग्राहक आयोगात काय दाखवणार?

कॉम्प्रेसर चांगला निघाला. पण तेल बरंच गेलं होतं, काकांनी ते पुन्हा भरलं. आणखी एकदा तसाच गॅस भरून चालवला असता तर तोही जाम झाला असता, असं ते म्हणाले. क्लिपांसकट तो पाईप डिक्कीत ठेवला आहे, ज्याला पाहायचा असेल त्याला दाखवतो.