कव्हरवर जॉर्डन आहे, आत बार्कली नाही: एनबीए २के२३, चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात मी एनबीए २के२३ या, अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगवरच्या व्हिडिओ गेमची पीएस५ कन्सोलची डिस्क विकायला घेऊन गेले. जुने गेम विकत घेणाऱ्या दुकानदाराने डिस्क उजेडात धरून पाहिली, तिच्यावर एकही ओरखडा नाही हे मान्य केले आणि मग डबी उलटसुलट करत म्हणाला, "ताई, कव्हरचा कागद असा असेल तर निम्मेच मिळतील." डिस्क परत घेऊन मी घरी आले. या कागदावरून चौदा महिन्यांपूर्वीही माझे एकदा भांडण झाले होते, म्हणून हा अनुभव कव्हरपासूनच सांगायला हवा.

या गेमच्या साध्या आवृत्तीच्या कव्हरवर फिनिक्स सन्सचा डेव्हिन बुकर आहे आणि महागड्या आवृत्तीवर शिकागो बुल्सचा निवृत्त दिग्गज मायकेल जॉर्डन. गेमच्या नावातला २३ हा जॉर्डनच्या जर्सीचा क्रमांक असल्याने त्या वर्षी तो कव्हरवर असणे स्वाभाविकच होते. मी सहसा साधी आवृत्ती घेते आणि तीही डिस्कवरच, कारण डाउनलोड केलेला गेम पुढे विकता येत नाही. या वेळी मात्र जॉर्डनसाठी जास्त पैसे मोजले. पार्सल उघडले तेव्हा वेष्टन फाटलेले होते, डबीला तडा गेला होता आणि कागद पाण्याने फुगून जॉर्डनच्या चित्रावर आडवी घडी पडली होती. विक्रेत्याला मी सात ईमेल पाठवले. प्रत्येक उत्तराचा मथितार्थ एकच होता: डिस्क चालते, तेव्हा वस्तू सदोष नाही. अखेरीस पुढच्या खरेदीवर किरकोळ सवलतीचे कूपन देऊन त्यांनी तक्रार बंद केली.

त्याच आठवड्यात एक गोष्ट कळली आणि राग दुप्पट झाला. जॉर्डनच्या कारकिर्दीतले सामने स्वतः खेळून पाहण्याचा 'जॉर्डन चॅलेंज' हा विभाग, ज्यासाठी मी महागडी आवृत्ती घेतली होती, तो बुकरच्या साध्या आवृत्तीतही जसाच्या तसा आहे. जास्तीच्या पैशांत मला मिळाले ते मुख्यतः १,००,००० व्हीसी, म्हणजे गेममधले आभासी चलन, आणि तो कागद. व्हीसीचे म्हणाल, तर मायकरिअर या स्वतःचा खेळाडू घडवण्याच्या विभागातला एक नवखा खेळाडू ६० च्या गुणांकनावरून ८५ वर न्यायलाही ते पुरत नव्हते; माझे पहिल्या महिन्यातच संपले. म्हणजे हिशेबाने मी त्या कागदासाठीच पैसे दिले होते आणि तोच खराब निघाला होता. कव्हर पाहून गेम घेणे हा शुद्ध अपव्यय आहे, असे तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत होते.

ते मत बदलायला तीन-चार महिने लागले आणि ते बदलले चॅलेंजमुळे. याच मालिकेतल्या २०१० च्या एनबीए २के११ च्या कव्हरवर जॉर्डन पहिल्यांदा आला तेव्हा या विभागात दहा सामने होते. आता पंधरा आहेत आणि त्यांत १९८२ चा महाविद्यालयीन अंतिम सामनाही आहे. नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध जॉर्जटाउन, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असलेला जॉर्डन, समोर पॅट्रिक यूइंग आणि ६३-६२ असा निकाल. त्या काळच्या दूरचित्रवाणीवर दिसायचे तसे किंचित धुरकट, रंग फुटलेले चित्र पडद्यावर येते. आकडे दाखवण्याची पद्धतही त्या काळची आहे. सामन्याआधी त्या दिवसांतली माणसे आठवणी सांगतात. सुरुवातीला मी त्या बटण दाबून पुढे ढकलत असे. आता एकही सोडत नाही.

सर्वांत जास्त वेळ मी घालवला तो २० एप्रिल १९८६ च्या बॉस्टनमधल्या सामन्यावर. जॉर्डनने त्या दिवशी ६३ गुण केले, तरी दोनदा जादा वेळ खेळून शिकागो १३५-१३१ असे हरले. तेथे लॅरी बर्ड, केविन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश यांच्या संघासमोर एकट्याने गुण जमवताना हातातला कंट्रोलर घामाने निसटतो. त्या ६३ गुणांचा आकडा मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण प्रत्येक फेकीआधी अंगावर येणारा दुसरा बचावपटू चुकवताना त्या आकड्याचे वजन पहिल्यांदा कळले. कव्हरवरचा माणूस गेमच्या आत असा भेटत असेल, तर त्या कव्हरला अर्थ आहे. २के१८ ची गोष्ट आठवते: कव्हरवर कायरी अर्विंग क्लीव्हलँडच्या जर्सीत छापला गेला आणि गेम बाजारात येण्याआधीच ऑगस्ट २०१७ मध्ये तो बॉस्टनला गेला. तिथे कव्हर म्हणजे केवळ त्या हंगामाची जाहिरात होती. इथे तसे नाही.

मात्र 'एराज' या विभागात गेल्यावर माझी तक्रार नव्याने सुरू होते आणि ती कागदापेक्षा मोठी आहे. इथे १९८३ पासून, किंवा हवे तर १९९१ पासून, म्हणजे जॉर्डनच्या काळापासून, सगळी लीग चालवता येते. जुने संघ, जुने नियम आणि जुन्या जर्सी यांवर मन लावून काम केलेले आहे. पण फिलाडेल्फियाच्या संघात चार्ल्स बार्कली नाही आणि इंडियानाच्या संघात रेजी मिलर नाही. निवृत्त खेळाडूंशी कंपनीला वेगळा करार करावा लागतो आणि या दोघांशी तो नाही, एवढेच याचे कारण. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सनी सॅक्रामेंटो किंग्जला जादा वेळेत १३२-१३१ असे हरवले, तेव्हापासून पेसर्स हा माझा संघ आहे. अठराच्या अठरा हंगाम तिथेच खेळलेल्या मिलरवाचून तो संघ हाती घेणे मला जमले नाही. बार्कलीचे तर त्याहून वाईट वाटते. १९९३ चा सर्वोत्तम खेळाडू तो, त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत जॉर्डनसमोर उभा राहिलेला तो, आणि नव्वदच्या दशकात ज्याच्या नावाचा स्वतंत्र गेम निघाला तोही तोच. बुकरच्या कव्हरवर ज्या फिनिक्सची जर्सी आहे, त्याच फिनिक्सला त्याने फिलाडेल्फिया सोडल्यावर त्या मालिकेपर्यंत नेले होते. प्रतिस्पर्धी काढून टाकले की जॉर्डनचे मोठेपणही मोजता येत नाही. त्या मालिकेत त्याने सामन्यामागे सरासरी ४१ गुण केले, ते बार्कलीच्या संघासमोर केले म्हणूनच आपण आजही सांगतो.

नव्वदच्या दशकातल्या एनबीए लाइव्ह या दुसऱ्या कंपनीच्या गेममध्ये नेमके याच्या उलट होते. खेळाडू संघटनेच्या सामायिक परवान्यातून जॉर्डन बाहेर होता, त्यामुळे शिकागोच्या संघात त्याच्या जागी नाव नसलेला खेळाडू असे. तेव्हाच्या मुलांनी तो स्वतः तयार करून घेतला. मीही शेवटी तेच केले.

दोन संध्याकाळी बसून मी बार्कली घडवला: उंची, खांद्यांची रुंदी, चेंडू हिसकावून घेण्याची ताकद. आधी त्याला ३४ क्रमांक दिला. मग १९९१-९२ च्या हंगामात मॅजिक जॉन्सनच्या सन्मानार्थ तो ३२ क्रमांक घालून खेळला होता हे आठवले आणि बदलला. चेहरा नीट जमलेला नाही, पण संघात त्याची जागा भरली आहे. मिलर त्यानंतर एका तासात झाला.

नवीन घेणाऱ्याला मी इतकेच सांगेन की जॉर्डनच्या कव्हरसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत, बुकरची साधी आवृत्ती घ्यावी आणि पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीजचीच घ्यावी, कारण 'एराज' हा विभाग जुन्या कन्सोलवर आणि पीसीवर नाही. माझी प्रत मी आता विकणार नाही. कागद दोन जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून ठेवला. फुगीरपणा गेला, घडी राहिली. सध्या माझा १९९२-९३ चा हंगाम सुरू आहे. बार्कलीची फिनिक्सला बदली केली आहे, त्याचा ३४ क्रमांक त्याला परत दिला आहे आणि शिकागोशी अंतिम मालिका होईल या आशेने रोज रात्री एक सामना खेळते आहे.