रक्त गोठते का, हे मोजणारे यंत्र: संशोधनाला पैसा लष्कराचा घ्यावा की नागरी योजनेचा?

सड्यावर गवत कापताना फुरसे चावले, की प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली तपासणी होते ती काचेच्या नळीची. शिरेतून 2 मिली ताजे रक्त काढायचे, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत ठेवायचे, 20 मिनिटे नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त वाहिले तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे असे समजून प्रतिविष सुरू करायचे. चाचणी स्वस्त आणि भरवशाची, पण नळी साबणाने धुतलेली असली किंवा काचेऐवजी प्लास्टिकची वापरली, तर धडधाकट माणसाचे रक्तही गोठलेले दिसत नाही. शिवाय गर्दीच्या वेळी बाराव्या मिनिटाला कोणीतरी नळी हलवून बघतोच.

बोटाच्या टोकावरचे थेंबभर रक्त पट्टीवर घेऊन दोन-चार मिनिटांत हेच सांगणारे हातातले यंत्र करावे, ही कल्पना त्यातून सुचते. तीच कल्पना सैन्याच्याही कामाची आहे. गोळी किंवा स्फोटाने जखमी झालेल्या जवानाचे रक्त बरेच वाहून गेले की त्याचीही गोठण्याची क्रिया ढासळते, आणि आघाडीवरच्या डॉक्टरला ते चटकन कळायला हवे असते. म्हणजे यंत्र एक, गिऱ्हाइके दोन, आणि संशोधनाला पैसा देणारी दारेही दोन. लोट्याच्या किंवा मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला लघुउद्योजक, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातला प्राध्यापक आणि डेरवण, रत्नागिरी किंवा ओरोसच्या वैद्यकीय महाविद्यालयातला डॉक्टर असे तिघे एकत्र आले आहेत आणि टेबलावर कसाबसा चालणारा नमुना तयार आहे, असे धरून पुढचे लिहिले आहे.

मत आधीच सांगून टाकतो. पहिला पैसा नागरी घ्यावा, लष्कराचे दार नंतर ठोठवावे. याला दोन अपवाद आहेत, ते पुढे येतील.

नागरी बाजू

सुरुवातीच्या नमुन्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना 10 लाखांपर्यंत देते. यंत्राचे खोके, सर्किट आणि पट्टीची पहिली तुकडी यात बसते, रुग्णांवरचा अभ्यास बसत नाही. त्याच्या वरची पायरी म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची कंपनी बायरॅक हिचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, ज्याला सगळे नुसते ‘बिग’ म्हणतात: 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत. अर्ज वर्षातून दोनदा, 1 जानेवारी आणि 1 जुलैला उघडतात आणि ठरलेल्या भागीदार इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, जातात. कोकणातून जवळचे म्हणजे पुण्याचे व्हेंचर सेंटर. हे अनुदान आहे, कर्ज नाही. तुमच्या बाजूने तेवढीच रक्कम घालायची अट नाही, आणि बौद्धिक संपदा तुमची राहते. जनहितासाठी हस्तक्षेपाचा अधिकार मात्र देणारा स्वतःकडे ठेवतो.

50 लाखांची वाटणी साधारण अशी मांडली तर परीक्षकांना पटते: माणसांचे पगार 18 लाख, पट्टीची रसायने आणि सुटे भाग 9, उपकरणे 8, बाहेरच्या प्रयोगशाळांतल्या चाचण्या 7, रुग्णालयातला अभ्यास 5, पेटंट व किरकोळ 3. बहुतेक अर्ज उपकरणांवर निम्मी रक्कम टाकतात आणि तिथेच आपटतात. सेंट्रिफ्यूज महाविद्यालयात असते, ते पुन्हा घेऊ नये.

अर्जाचा गाभा डॉक्टरी असेल, म्हणजे ‘हे यंत्र वापरले तर प्रतिविष लवकर मिळते का’ असा प्रश्न असेल, तर बायरॅकपेक्षा आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांसाठीचे, अनुदान योग्य. तिथे मुख्य संशोधक संस्थेत कायम नोकरीला असावा लागतो, म्हणजे या तिघांतला डॉक्टर पुढे होतो आणि उद्योजक मागे जातो. हे भांडणाचे कारण ठरते. कागदावर आधीच ठरवा की पट्टीचे सूत्र कोणाचे आणि रुग्णांची माहिती कोणाची.

कोकणातल्या प्रस्तावाला नागरी बाजूने एक जमेची गोष्ट आहे. सर्पदंशाच्या मृत्यूंचा देशभरातला मोठा अभ्यास 2000 ते 2019 या काळात सुमारे 12 लाख मृत्यू सांगतो, वर्षाला सरासरी 58 हजार. केंद्राने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून. त्यामुळे ‘गरज काय’ या रकान्यात पानभर लिहावे लागत नाही. तिथे वाचलेली जागा पट्टी उष्णतेत किती टिकते यावर खर्च करावी.

लष्करी बाजू

लष्करी पैसा म्हणजे एकच तिजोरी, असा समज आहे. प्रत्यक्षात चार वेगळी दारे आहेत.

सशस्त्र दलांची वैद्यकीय संशोधन समिती, म्हणजे एएफएमआरसी, सैन्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या प्रकल्पांना पैसा देते. बाहेरच्याने थेट अर्ज करायचा नाही. कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयातला किंवा पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातला अधिकारी मुख्य संशोधक झाला, तरच तुमचे यंत्र त्यात शिरते. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेचे लाइफ सायन्सेस रिसर्च बोर्ड विद्यापीठे आणि महाविद्यालयांना अनुदान देते. प्राध्यापकासाठी हे सगळ्यात सोपे लष्करी दार, आणि यात स्वतःचा पैसा घालावा लागत नाही. निबंध छापण्यापूर्वी मात्र परवानगी लागते. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध त्यावर अवलंबून असेल तर हे आधी तपासा.

उद्योजकासाठी उरतात आयडेक्स आणि टीडीएफ. आयडेक्स ही नवउद्योगांसाठीची संरक्षण मंत्रालयाची योजना 2018 मध्ये सुरू झाली. त्यातल्या स्पार्क अनुदानाची मर्यादा दीड कोटी, आयडेक्स प्राइमची 10 कोटी. आकडा बघून जीव हरखतो, पण हे जोड-अनुदान आहे. सरकारचे दीड कोटी हवे असतील तर तुमच्या बाजूनेही तेवढेच दिसायला हवेत, आणि पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर सुटतात. मधल्या काळात पगार कशातून द्यायचे, याचे उत्तर नसलेली कंपनी दुसऱ्या टप्प्यालाच धापा टाकते. आव्हानांच्या यादीत वैद्यकीय विषय मोजकेच असतात. आपला विषय नसेल तर ओपन चॅलेंजमधून, म्हणजे स्वतःच विषय सुचवून, जावे, पण तिथे ‘हे कोणत्या दलाला हवे आहे’ याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते.

डीआरडीओचा टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट फंड, टीडीएफ, प्रकल्पखर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत देतो. 2022 मध्ये मर्यादा 10 कोटींवरून 50 कोटी झाली. 2 कोटींच्या प्रकल्पात सरकारचे 1 कोटी 80 लाख, तुमचे 20 लाख. हिशेबाने हा आयडेक्सपेक्षा कितीतरी हलका. अडचण वेगळीच आहे: बौद्धिक संपदा डीआरडीओ आणि कंपनी यांच्यात संयुक्त राहते. सर्पदंशाची तीच पट्टी उद्या दुसऱ्या कंपनीला बनवायला द्यायची म्हटली, की भागीदाराला विचारावे लागणार. ज्या यंत्राची खरी विक्री आरोग्य केंद्रांत होणार आहे, त्याच्या पट्टीचे सूत्र पहिल्याच पायरीला संयुक्त करून टाकणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. खोक्याचे मजबुतीकरण संयुक्त झाले तर बिघडत नाही.

लष्करी संशोधन नागरी दवाखान्यात पोचत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. तेजस विमानातल्या वैमानिकासाठी विकसित केलेल्या प्राणवायू यंत्रणेवरूनच डीआरडीओने 2021 मध्ये मिनिटाला 1000 लिटर क्षमतेचे वैद्यकीय ऑक्सिजन प्रकल्प काढले. मिनिटाला 5 लिटरप्रमाणे एक प्रकल्प 190 रुग्णांना पुरतो. तंत्रज्ञान आधी सिद्ध झालेले होते आणि गिऱ्हाईक दारात उभे होते, म्हणून ते इतक्या लवकर झाले.

चाचण्या: इथे दोन्ही बाजू एकमेकींच्या उपयोगी पडतात

नागरी परवान्यासाठी 2017 चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स लागू. चाचणीसाठी यंत्र बनवायचे तर सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे एमडी-12 अर्ज, परवाना एमडी-13. यंत्र नव्या प्रकारचे ठरले तर रुग्णनमुन्यांवरच्या मूल्यमापनासाठी एमडी-24 अर्ज. विक्रीसाठी उत्पादनाचा परवाना, यंत्राचा धोक्यानुसार ठरणारा वर्ग ए किंवा बी असेल तर राज्याच्या एफडीएकडून, सी आणि डी असेल तर केंद्राकडून. यंत्र कोणत्या वर्गात बसते हे पहिल्या महिन्यातच विचारून घ्या. आयसीएमआर आणि सीडीएससीओने डिसेंबर 2023 मध्ये सुरू केलेले मेडटेक मित्र हे मार्गदर्शन व्यासपीठ त्यासाठीच आहे. लष्कराला द्यायचे म्हणून परवाना टळेल, या भ्रमात राहू नये.

लष्करी बाजूला याशिवाय जेएसएस 55555 या लष्करी मानकाप्रमाणे पर्यावरण-चाचण्या आणि विद्युतचुंबकीय हस्तक्षेपासाठी मिल-स्टँडर्ड 461. यातली खारफवाऱ्याची चाचणी कोकणातल्या माणसाला नवी नाही. पेटीत 35 अंश तापमानाला 5 टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सोडतात. आपल्याकडे ते किनाऱ्यावर फुकट मिळते. यंत्रे बहुतेक एकाच जागी मरतात: पट्टी आत घालायच्या खाचेतले संपर्कबिंदू. साध्या निकेलच्या मुलाम्यावर हिरवट थर चढतो, रोध वाढतो आणि यंत्र ‘पट्टी नाही’ असे सांगत बसते. सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क, सर्किट बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा पातळ थर) आणि खाचेला झाकण, एवढे पहिल्या नमुन्यातच करा. यासाठी लष्करी अनुदानाची वाट बघायचे कारण नाही, खर्चही फार नाही.

पट्टीचे दुखणे याहून मोठे. 2 ते 8 अंशांत ठेवायची पट्टी आरोग्य केंद्रात राहणार कुठे? तिथल्या आयएलआरमध्ये, म्हणजे लशींच्या फ्रीजमध्ये, लशींशिवाय दुसरे काही ठेवायचे नाही असा नियम आहे, आणि पावसाळ्यात वीज जाते ती वेगळीच. गोठवून सुकवलेले प्रतिविष फ्रीजशिवाय राहू शकते, म्हणून तर ते गावोगाव पोचते. पट्टीही तशीच हवी: सुकवलेल्या रसायनाची, आत शोषक पुडी असलेल्या फॉइलच्या पाकिटात, आयएसओ 23640 या मानकाप्रमाणे टिकाऊपणा तपासलेली. वाळवंटातल्या चौकीलाही नेमके हेच हवे असते. त्यामुळे टिकाऊपणाचा अभ्यास नागरी पैशात करून ठेवला, तर लष्करी अर्जाचा निम्मा भाग आपोआप लिहून होतो.

रुग्ण कुठून येणार

निर्णय खरे तर इथे होतो. सैन्याच्या रुग्णालयात अभ्यास करायचा तर तिथली नीतिशास्त्र समिती आणि वरिष्ठ कार्यालयाची परवानगी दोन्ही लागतात, आणि शांततेच्या काळात मोठ्या रक्तस्रावाचे रुग्ण तिथे फारसे नसतात. उलट मुंबई-गोवा महामार्गावर कशेडी, परशुराम, भोस्ते घाटांतले अपघात जिल्ह्याच्या रुग्णालयांत येतातच. सैन्याला हवा तो पुरावा कोकणातल्या नागरी रुग्णालयात जमवता येतो, आणि तो नागरी अनुदानात बसतो.

यंत्राचा निकाल ताडून बघायला प्रयोगशाळेतल्या गोठण्याच्या चाचण्या: पीटी-आयएनआर आणि फायब्रिनोजेन. नमुना 3.2 टक्के सोडियम सायट्रेटच्या नळीत, रक्त नऊ भाग आणि सायट्रेट एक भाग. नळी अर्धवट भरली तर निकाल खोटा लांबतो, आणि नवशिक्या कर्मचाऱ्याची पहिली चूक हीच असते. एपीटीटी ही गोठण्याची आणखी एक चाचणी करायची असेल तर चार तासांच्या आत. गुहागरहून चिपळूणला नमुना एसटीने पाठवायचा बेत असेल तर वेळापत्रक पाहूनच प्रस्तावात लिहा, नाहीतर एपीटीटी वगळा. पीटीला 24 तासांपर्यंत मुभा असते.

आणखी एक गणित हंगामाचे. सर्पदंश पावसाळ्यात आणि भातकापणीच्या सुमारास वाढतात. ‘बिग’च्या जुलैच्या फेरीत अर्ज केला, छाननी, सादरीकरण, करार धरून पैसा पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलला आला, तर 18 महिन्यांत दोन पावसाळे सापडतात. पण नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या रुग्ण-अभ्यासांच्या राष्ट्रीय नोंदवहीतली नोंदणी तेव्हा तयार नसेल तर पहिला पावसाळा हातचा जातो आणि एकाच हंगामाच्या रुग्णांवर अभ्यास उरकावा लागतो. म्हणून समितीकडचा अर्ज अनुदानाच्या निकालाची वाट न पाहता द्यावा.

हिशेब

दोन्हीकडे सरकारी पैसा, त्यामुळे कागद सारखेच. जनरल फायनान्शियल रूल्सप्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला), अनुदानाच्या खात्यावरचे व्याज सरकारला परत, घेतलेल्या यंत्रांची नोंदवही. दुसरा हप्ता अडतो तो बहुधा उपयोगिता प्रमाणपत्रामुळे, शास्त्रामुळे नव्हे. वेगळे बँक खाते पहिल्याच दिवशी उघडा. एकाच कामासाठी दोन ठिकाणचा पैसा घेता येत नाही, म्हणून अर्जात सीमा स्पष्ट आखा: पट्टी, रुग्णअभ्यास आणि टिकाऊपणा नागरी अनुदानात, खोके, बॅटरी, धक्का-कंप आणि विद्युतचुंबकीय चाचण्या लष्करी अनुदानात.

आता अपवाद. पहिला: कंपनीकडे पुरेसा स्वतःचा पैसा आहे, यंत्राला परवाना मिळालेला आहे आणि एखाद्या दलाने नेमके हेच आव्हान म्हणून जाहीर केले आहे. मग सरळ आयडेक्सला जा. दुसरा: प्राध्यापकाकडे मूलभूत कल्पना आहे, कंपनी काढायची इच्छा नाही आणि निबंधाची घाई नाही. त्याला लाइफ सायन्सेस रिसर्च बोर्ड बरे.

विक्रीचे दारही बघून ठेवा. सैन्याची वैद्यकीय खरेदी वरून, एकत्र होते. ऑर्डर मोठी, पण वाट लांब. राज्यात 2023 च्या कायद्याने आलेले महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. पण पहिली वीस-पंचवीस यंत्रे खपवायला जिल्हा नियोजन समितीचा निधी जास्त जवळचा. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना अभ्यासात सुरुवातीपासून घ्या, म्हणजे मागणीपत्र कोण पाठवणार हा प्रश्न शेवटी उरत नाही.