महाबळेश्वरची एक दिवसाची सहल, 32,850 रुपये आणि वेण्णा तलावाकाठचं कणीस

आधीच सांगते, मी अडाणी नाही. सांगलीत ब्लाऊज शिवण्याचं माझं दुकान आहे आणि चौदा वर्षं भिशी चालवते. पंधरा बायकांच्या पैशात आजवर एका रुपयाचा घोळ झालेला नाही. म्हणूनच हे लिहिताना हात जड होतोय. बायकांनी पैसे त्या सहलवाल्याच्या हातात दिले नव्हते, माझ्या हातात दिले होते.

सहलीचं खूळ निघालं आमच्या आत्यांमुळं, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळं. वय 76. ऑगस्ट 2019 च्या पुरात आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तेव्हा त्या बोलल्या होत्या की कृष्णामाईच्या उगमाला जाऊन ओटी भरीन, शांत हो म्हणून सांगीन. ते राहूनच गेलं होतं. यंदा फेब्रुवारीत जावेनं मोबाईलवर एक जाहिरात पाठवली: सांगली ते महाबळेश्वर, एक दिवस, गाईडसह, नाश्ता-जेवण आत, क्षेत्र महाबळेश्वर, प्रतापगड, पाचगणीचा टेबललँड, सगळं माणशी 1,250. मी म्हटलं, जाहिरातवाला जावेच्या ओळखीचा असेल. जाऊ समजली, मी चौकशी केली असणार. बाकीच्या तेराजणींना वाटलं, आम्ही दोघी आहोत ना. त्या माणसाला आमच्यातलं एकही माणूस ओळखत नव्हतं, हे आम्हाला कळलं परतीच्या वाटेवर, कराडच्या अलीकडं.

पंधराजणींचे 18,750 झाले. त्यातले 10,000 आठवडाभर आधी स्कॅन करून पाठवले. स्कॅन केल्यावर नाव कुठल्याशा मोबाईल शॉपीचं आलं. मी फोन करून विचारलं, तर म्हणाला, "ताई, आपल्या भावाचंच दुकान आहे." पटलं मला. तुम्हालाही पटलं असतं, खोटं बोलू नका. पण सांगून ठेवते, सहलीचे पैसे आणि नाव दुकानाचं असं दिसलं की पिन टाकायच्या आधी हात मागं घ्या. एकदा पिन टाकला की बँकवाले एवढंच म्हणतात, "पिन तुम्हीच टाकला ना?"

पहाटे पावणेपाचला गाडी आली. सतरा सीटची ठरलेली, आली तीही सतराचीच, पण नंबरप्लेट पांढरी. मी पाहिली. अंधार होता वगैरे काही नाही, हेडलाईटच्या उजेडात स्पष्ट पाहिली. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते हे मला ठाऊक आहे, माझा मावसभाऊ रिक्षा चालवतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारणं बेकायदा आहे, वाटेत काही झालं तर विम्याच्या नावानं बोंब. तरी चढले. पंधराजणी अंघोळ करून, डबे-पिशव्या घेऊन, स्वेटर घालून रस्त्यावर उभ्या. परत फिरा म्हणायचं कोणी?

आणि त्याच वेळी ड्रायव्हरनं गाईडला विचारलं, "दादा, नाव काय तुमचं?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. गाडीवाला आणि गाईड आमच्या समोर पहिल्यांदा एकमेकांना भेटत होते. मी मात्र त्या वेळी उरलेले 8,750 मोजून देण्यात गुंग. पावती मागितली तर गाईड म्हणाला, "मावशी, पावतीबुक ऑफिसात राहिलं, फोनवर पाठवतो." लाल टी-शर्ट, गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड. कार्ड वाऱ्यानं उलटलं की मागची बाजू कोरी. पुढं काय लिहिलं होतं, ते मी अजून सांगू शकत नाही, कारण वाचलंच नाही. लाल फीत बघितली आणि समाधान झालं.

नाश्ता म्हणजे उंब्रजजवळ एकेक वडापाव. ते सोडून देऊ. वाईतून पसरणी घाट चढलो, पाचगणीला टेबललँडवर चाळीस मिनिटं. मग दोन दुकानं, एक चिक्की-सरबताचं, एक चपलांचं. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, आणि गाईड गल्ल्याशेजारी चहा पीत उभा. कमिशनचं गणित तुम्हाला नव्यानं सांगायला नको. महाबळेश्वरच्या नाक्यावर प्रवासी कराची पावती फाडली, तीही माझ्यासमोर. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

गाडीत त्यानं माईकवर अफझलखानाचा वध 1664 साली झाला म्हणून सांगितलं. चौथीतलं पोरगंही 1659 सांगेल. आम्ही हसलो. म्हटलं, बोलण्याच्या ओघात चुकला असेल.

वेण्णा तलावाशी गाडी थांबली तेव्हा साडेबारा वाजले होते. हा माणूस दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, हात जोडा, हीच कृष्णेची उगमाची जागा. वर देवळात नुसती गर्दी आहे, दर्शन इथूनच घ्या." आणि आमच्यातल्या पाच-सहाजणींनी खरंच हात जोडले! समोर बोटी फिरतायत, घोड्यांची लीद पडलीय, आणि बायका तलावाला नमस्कार करतायत.

आत्या मात्र उठून उभ्या राहिल्या. त्यांचं माहेर साताऱ्याच्या माहुलीजवळचं. म्हणाल्या, "अरे बाबा, ही वेण्णा. कृष्णा तिकडं जुन्या म्हणजे क्षेत्र महाबळेश्वरात, पंचगंगेच्या देवळात गोमुखातून येते. ह्या दोघी खाली आमच्या माहुलीला भेटतात. लहानपणी संगमावर धुणं धुतलंय मी."

गाईडचा चेहरा क्षणभर उतरला. उभ्या दिवसात तेवढा एक क्षण असा होता की सगळं उघडं पडलं होतं. महाबळेश्वरचा गाईड, आणि त्याला कृष्णा कुठं उगवते ते माहीत नाही. आणि मी काय केलं? मी आत्यांना म्हटलं, "आत्या, गप बसा हो. चारचौघांत कशाला त्याचा अपमान करता?"

त्यानंतर दहा मिनिटांत मी त्याच्या हातावर आणखी 5,400 ठेवले. माणशी 360. लोकल टॅक्सी, बोटिंग आणि कर. मोठी गाडी पॉइंटला सोडत नाहीत, लोकल टॅक्सीच लागते, म्हणाला. टॅक्सीचं मी समजू शकते. पण कर? कराची पावती नाक्यावर माझ्या डोळ्यांदेखत फाडली होती. डोळे उघडे होते, डोकं बंद होतं. "नंबर लावून येतो, तोवर कणीस खा," म्हणाला आणि गेला.

आम्ही कणीस खाल्लं. लिंबू-तिखट चोळलेलं, भाजून काळं पडलेलं. पाऊण तासानं फोन लावायला घेतला, तर बोटं लिंबानं चिकट, स्क्रीनवर उमटेनात. पदराला पुसून पुन्हा लावला. आधी रिंग वाजली. मग बिझी. मग बंद. ते कणीस अजून आठवतं मला, दाण्याच्या चवीसकट.

जाऊ टॅक्सी स्टँडवर विचारून आली. तिथल्या माणसानं सांगितलं, असा कोणी आलाच नाही, आणि कुठल्या पॉइंटला किती ते बोर्डावर लिहिलेलं असतं, मधल्या माणसाच्या हातात पैसे द्यायची गरजच नसते. हा बोर्ड आधी वाचा. आम्ही नंतर वाचला.

ज्या हॉटेलात जेवण ठरलं होतं म्हणे, तिथं आमच्या नावाचं बुकिंग नव्हतं. दोन वाजून गेले होते, आत्यांना साखर आहे, उपाशी ठेवून चालणार नव्हतं. 180 ची थाळी, पंधराजणी, 2,700. हेही मीच भरले. आणि जेवून बाहेर आलो तर ड्रायव्हर म्हणतो, "ताई, माझं फक्त इथं सोडायचं ठरलं होतं. डिझेलला तीन हजार दिलेत, बाकी काही नाही. परतीचे साडेसहा हजार होतील." तो खोटं बोलत होता की तोही गंडला होता, कुणास ठाऊक. गाडी त्याची नव्हती, मालकाचा नंबर द्यायला तयार नव्हता. घासाघीस करून 6,000 वर आला. रोख.

18,750 अधिक 5,400, अधिक 2,700, अधिक 6,000. झाले 32,850. प्रतापगड नाही, क्षेत्र महाबळेश्वर नाही, बोट नाही. आत्यांच्या पिशवीत खण, हळदी-कुंकू, नारळ तसाच. क्षेत्र महाबळेश्वर तिथून जवळच आहे हो, पण ड्रायव्हर म्हणाला अंधाराच्या आत घाट उतरायचा, आणि एव्हाना आम्ही त्याच्या तालावर नाचत होतो.

आता पोलिसांचं ऐका. महाबळेश्वरच्या ठाण्यात त्याच दुपारी गेलो. "पैसे कुठं दिले? सांगलीत? मग सांगलीत तक्रार द्या." दुसऱ्या दिवशी आमच्या हद्दीच्या ठाण्यात. "माणूस पळाला कुठून? महाबळेश्वरातून? मग तिकडं द्या." मी म्हटलं, साहेब, 5,400 तिथं दिले, 18,750 इथं दिले, मग मी माझे दोन तुकडे करू का? तर म्हणे हा दिवाणी मामला आहे, सेवा अर्धवट दिली एवढंच. एका हवालदारानं तर विचारलं, "पंधरा बायका आणि बरोबर एक पुरुष नाही?" जणू पुरुष असता तर गाईडला कृष्णेचा उगम सापडला असता.

तिसऱ्या खेपेला भाचीनं शिकवून पाठवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावी लागते, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. मी कलमाचा आकडा उच्चारला तेव्हा खुर्ची मिळाली. एफआयआर नाही मिळाला. "अर्ज देऊन जा, चौकशी करतो." झेरॉक्सवर शिक्का मारून दिला. तो शिक्का आणि मी, दोघंही वाट बघतोय. मधे एकदा विचारायला गेले तर अर्ज कुणाकडं आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांच्याकडं असावा ते बंदोबस्ताला गेले होते. पुढच्या खेपेला ते रजेवर.

1930 ला फोन केला, सायबरचा. केला, पण पैसे पाठवल्याला दहा-बारा दिवस उलटल्यावर. हा नंबर पहिल्या तासाभरात लावायचा असतो, पैसे पुढच्या खात्यातून उचलायच्या आत. मी तक्रार नोंदवली, त्यांनी क्रमांक दिला, संपलं. गाडीची तक्रार घेऊन परिवहन कार्यालयात गेले, तर नंबरप्लेटचा फोटो मागितला. माझ्या मोबाईलमध्ये त्या दिवसाचे 64 फोटो आहेत. टेबललँडचे, घोड्यांचे, कणसाचे, एकमेकींचे. गाडीचा एक नाही. गाडीत चढायच्या आधी पाटीचा फोटो काढत चला, देवाचा नंतर काढा.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही, हे खरं आहे. ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 ला फोन केला तर ते नीट बोलतातही. पण समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो. माझ्याकडं एक बंद नंबर आणि मोबाईल शॉपीचं नाव. त्या नावाचं दुकान सांगलीत शोधलं, मिरजेत शोधलं, नाही सापडलं. म्हणून म्हणते, आगाऊ पैसे देण्याआधी ऑफिस डोळ्यांनी बघून या. ऑफिस नसेल तर सहल नाही.

लोक म्हणतात, एवढ्याशा पैशाला काय एवढं. 5,400 मी माझ्या पदरचे बायकांना परत केले, न मागता. चौघींनी घेतले नाहीत. त्यातली एक म्हणाली, "राहू दे गं, तुझंही गेलंच की." ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. मार्चच्या भिशीला दोघी आल्या नाहीत. परीक्षा आहेत मुलांच्या, म्हणाल्या. असतील.

नारळ आमच्या देवघरात आहे. परवा आत्यांनी तो कानाशी हलवून बघितला, आतलं पाणी आटलंय. दुसरा घ्यायचा आणि एसटीनंच जायचं, असं त्यांनी ठरवलंय. साताऱ्यापर्यंत एक गाडी, तिथून मेढामार्गे दुसरी. पंचाहत्तरीच्या वर असल्यानं त्यांना तिकीट शून्य, मला बायकांचं अर्धं. आणि वाटेत मी कुणाला गप बसवायचं नाही, ही त्यांची अट आहे.