सर्वांना एकच भाव: म्हापशातील एक काजूचे दुकान

म्हापशाच्या बाजारातील ज्या लहानशा दुकानातून मी गेली काही वर्षे काजूगर घेते, तिथला सालासकट भाजलेला काजू खमंग असतो आणि पुडीच्या तळाशी तुकडे दडवलेले नसतात. मात्र मला लिहावेसे वाटले ते तिथल्या व्यवहारामुळे.

बरण्यांवर ‘डब्ल्यू २४०’, ‘डब्ल्यू ३२०’ अशी प्रत लिहिलेली असते. हा आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अखंड गर भरावेत ते सांगतो. त्यामुळे आकडा जितका लहान, तितका गर मोठा. ‘डब्ल्यू ३२०’च्या पाव किलोत १७६ च्या वर गर भरता कामा नयेत. मी घरी मोजले, तेव्हा १७२ भरले. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी आफ्रिकेतून आलेल्या बियांचे गर गोव्याचे म्हणून खपवण्याची तक्रार बाजारात कायम आहे. इथे मात्र दोन्हींच्या बरण्या वेगळ्या असतात आणि कोणता माल कुठला, हे दुकानदार न विचारता सांगतात.

याच बाजारात दुसऱ्या एका दुकानात माझ्यासमोर एका पर्यटक जोडप्याला परदेशी काजू ‘अस्सल गोव्याचा’ म्हणून चढ्या भावाने दिला गेला. ते गेल्यावर मी विचारले, तर उत्तर आले, “वहिनी, पाहुण्यांशी असेच वागतात, इथली रीतच ती. योग्य-अयोग्य गावागावाप्रमाणे बदलते.”

या बोलण्यावर मी बराच विचार केला, कारण त्यात थोडे तथ्य आहे. आपल्याकडे बांगडे वाट्याने विकतात, नारळ नगावर घेतात, घासाघीस करतात आणि संध्याकाळी भाव उतरतो; दुसऱ्या गावी हे सारे वेगळे असेल आणि त्यात कोणाचेच चुकत नाही, कारण वाटा दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो. पण त्या दुकानदाराची ‘रीत’ गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडेपर्यंत उच्चारता येत नव्हती. ती खरोखर रीत असती, तर त्या जोडप्यासमोरच सांगता आली असती. शिवाय घाऊक व्यापाऱ्याने हलका माल चढ्या प्रतीचा म्हणून त्या दुकानदारांच्याच गळ्यात मारला, तर ते त्याला फसवणूकच म्हणतील, व्यापारी कोणत्याही गावचा असो. म्हणजे ज्या मापाने ते स्वतःवरचा अन्याय मोजतात, ते गावागणिक बदलते असे त्यांनाही वाटत नाही. फक्त आपला गल्ला मोजताना ते माप बाजूला ठेवले जाते.

मी ज्यांच्याकडे जाते त्यांचा भाव बाजारापेक्षा किंचित जास्त आहे, दुपारी दुकान बंद असते आणि शुक्रवारी गर्दीमुळे बराच वेळ उभे राहावे लागते. गेल्या खेपेस माझ्या पुढे दिल्लीचे एक कुटुंब होते. त्यांनी गोव्याचाच काजू मागितला, तेव्हा ती बरणी संपल्याचे सांगून दुकानदारांनी त्यांना सोमवारी यायला सांगितले. आफ्रिकेच्या गरांची भरलेली बरणी शेजारीच होती.