बडोद्यात जोडणी की पुण्या-बंगळूरला डिझाइन? विमानाच्या इंधन यंत्रणेतली पहिली नोकरी

बडोद्यातल्या आमच्या दांडिया बाजारात इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हटलं की मकरपुऱ्याची जीआयडीसी म्हणजे औद्योगिक वसाहत, ट्रान्सफॉर्मर नाहीतर स्विचगियर, हे ठरलेलं असायचं. ऑक्टोबर 2024 मध्ये बडोद्यात टाटा-एअरबसच्या सी-295 या लष्करी वाहतूक विमानांच्या जोडणीच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. 56 पैकी 40 विमानं इथे बनायची आहेत. तेव्हापासून सुट्टीत घरी आलो की कुणी ना कुणी मुलगा-मुलगी विचारायला येते: दादा, इथेच जोडणीला लागू की बाहेर डिझाइनला जाऊ? मी विमानाच्या इंधन यंत्रणेत दोन्ही कामं केली आहेत, म्हणून लिहितो.

आधी काम काय ते बघा. टाकीत इंधन किती आहे ते प्रोब सांगतो. बहुतेक विमानांत हा प्रोब म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्या. मधल्या फटीत इंधन चढलं की कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढतो, कारण हवेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 1 आणि जेट इंधनाचा साधारण 2.1. बारावीचंच फिजिक्स. पण विमान कललं की पातळी तिरकी होते, इंधन गार झालं की घनता बदलते. म्हणून प्रोब अनेक लागतात आणि हिशेबात दुरुस्त्याही कराव्या लागतात.

खरी जबाबदारी मात्र वेगळीच आहे. 17 जुलै 1996 ला न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं बोइंग 747 विमान त्याच्या मधल्या टाकीच्या स्फोटाने कोसळलं, 230 माणसं गेली. टाकीबाहेर कुठेतरी शॉर्ट सर्किट होऊन जादा व्होल्टेज याच मोजमापाच्या तारांमधून आत शिरलं असावं, असा तपासाचा निष्कर्ष होता. आज या तारांमधून टाकीत जाऊ शकणाऱ्या ऊर्जेची मर्यादा 200 मायक्रोज्यूल धरतात. या क्षेत्रातला प्रत्येक जण शेवटी हाच आकडा सांभाळत असतो.

डिझाइनच्या टेबलावर तो कागदावर सांभाळतात. ही तार तुटली तर? शेजारच्या पॉवरच्या तारेला चिकटली तर? पंखावर वीज पडली तर? प्रत्येक प्रश्नाला गणित, चाचणी आणि पुरावा लागतो. पहिलं वर्ष बहुतेक वाचनात आणि तक्ते भरण्यात जातं. ज्याला सर्किट आणि फील्ड थिअरी मनापासून आवडते त्याला यात कंटाळा येत नाही, बाकीच्यांना येतो.

जोडणीत तोच आकडा हाताखाली येतो. हार्नेस म्हणजे तारांचा जुडगा ओढायचा, क्रिंप म्हणजे तारेच्या टोकाचा दाबून बसवलेला जोड तपासायचा, इन्सुलेशन तपासायला मेगर लावायचा, बाँडिंग म्हणजे धातूच्या भागांमधली विद्युत जोडणी मिलिओहममध्ये मोजायची. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका बाँडिंग पट्टीचं रीडिंग काही केल्या खाली येईना. पट्टी नवी, बोल्ट घट्ट. दुपारपर्यंत मीटरवर संशय घेतला. शेवटी सगळं उघडलं तर वॉशरखाली नखाएवढा प्रायमर, म्हणजे रंगाचा खालचा थर, राहिलेला. तो घासला, जागा पुसली, पट्टी परत बसवली आणि रीडिंग बरोबर आलं. पुढे डिझाइनला गेल्यावर ड्रॉइंगमध्ये ‘इथला रंग काढा’ ही ओळ लिहिताना दर वेळी तो वॉशर डोळ्यांसमोर यायचा.

म्हणून दोन्ही ऑफर हातात असतील तर माझं मत आधी जोडणी, तीही चाचणीच्या विभागात. नुसतं प्लॅनिंग किंवा स्टोअर मिळत असेल तर घराजवळ आहे एवढ्यासाठी थांबू नका. आणि दोन-तीन वर्षांत डिझाइनकडे वळा. जितका उशीर कराल तितकं जड जातं. डिझाइनवाल्याला जोडणीवर काही महिने पाठवतात, उलटं क्वचित होतं, म्हणून तो प्रवास आपणच वेळेत करायला हवा. घरची अडचण असेल, आई-वडिलांजवळ राहणं भाग असेल, तर बडोद्यातलं काम कमी प्रतीचं मुळीच नाही.

काही जण बी2 लायसन्सचं, म्हणजे विमानाच्या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक देखभालीच्या परवान्याचं, विचारतात. ती वाट देखभालीची. दुरुस्तीनंतर विमान उडायला योग्य आहे अशी सही करायची तर डीजीसीए या सरकारी विमान नियामकाचं लायसन्स लागतं, बीईच्या पदवीवर ती करता येत नाही. त्याचे पेपर वेगळे, अनुभवाची अट वेगळी.

मुलाखतीत दोन्हीकडे एक गोष्ट विचाराच: पहिल्या सहा महिन्यांत मी कुणाच्या हाताखाली असेन, आणि त्यांनी स्वतः टाकीतली वायरिंग कधी तपासली आहे का?