संधिवाततज्ज्ञ मुंबईचे की नाशिकचे?

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताचे, निदान झाल्यावर संधिवाततज्ज्ञ मुंबईचे गाठावेत की नाशिकमधलेच, हा प्रश्न आमच्या घरी आईच्या आजारपणात आला. पहिली दोन वर्षे आम्ही मुंबईला गेलो, गेली तीन वर्षे नाशिकमध्येच दाखवतो.

तपासणीत मला तरी फरक जाणवला नाही. बोटांचा एकेक सांधा दाबून दोघांनीही पाहिला आणि औषधेही तीच राहिली: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट, म्हणजे हा आजार आटोक्यात ठेवणारी गोळी, आणि जोडीला फॉलिक ॲसिड. प्रवासाचा त्रास मात्र होता, कारण या आजारात सांधे सर्वाधिक आखडलेले असतात ते सकाळी, आणि आम्हाला नेमकी त्याच वेळी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडावी लागे. तरीही तीन महिन्यांतून एकदा तेवढे सोसता आले असते.

सोसवले नाही ते दोन भेटींच्या मधल्या काळात विचारायला कोणी नसणे. मेथोट्रेक्झेट चालू असताना रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात आणि तो रिपोर्ट पाहून डोस ठरवणारे माणूस वेळेवर भेटावे लागते. एका पावसाळ्यात आईला ताप आला, त्याच आठवड्यात यकृताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेले निघाले, आणि तिचा गोळीचा वार दुसऱ्याच दिवशी, रविवारी होता. मुंबईच्या रुग्णालयात फोन केला, तर ‘पेशंटला घेऊन या’ एवढेच उत्तर मिळाले. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्या आठवड्याची गोळी थांबवायला सांगितली आणि ते योग्यच ठरले, पण ती रात्र आम्ही फार काळजीत काढली. नाशिकच्या डॉक्टरांकडे सकाळी रिपोर्ट पोहोचवला की संध्याकाळपर्यंत निरोप येतो, आणि माझ्यापुरता निर्णय त्यावरच झाला.

ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती शरीराच्या अनेक अवयवांवर उलटते अशा आजारात मूत्रपिंडावर किंवा फुप्फुसांवर परिणाम झाला असेल, तर त्या त्या विषयाचे तज्ज्ञ एकाच रुग्णालयात असण्याचे मोल फार मोठे आहे, आणि अशा वेळी मुंबईला जाऊ नका असे मी म्हणणार नाही. आईसारखा नेहमीच्या औषधांनी आटोक्यात राहणारा आजार असेल, तर नाशिकमधले तज्ज्ञच सोयीचे पडावेत असे मला वाटते. मात्र कुठेही गेलात तरी मधल्या काळातला रिपोर्ट कोणाला दाखवायचा आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. मुंबईला आम्ही ते विचारले नव्हते.