रूट कॅनल दुखलं नाही, पण कॅपचं आधी सांगा की राव
खालची उजवीकडची दाढ रात्री अशी ठणकायची की उठून बसायचो, शेवटी घराजवळच्याच क्लिनिकमध्ये गेलो. इंजेक्शन टोचताना काय कळलं तेवढंच, नंतर अर्धा जबडा बधिर, दुखलं म्हणाल तर काहीच नाही, फक्त पाऊण तास आ वासून गाल भरून आले. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावलं की या दाढेत ३ कॅनल, म्हणजे मुळातल्या बारीक नळ्या, आहेत, कधी ४ पण निघतात, आतली खराब नस काढून कानशीसारख्या बारीक फाइलने ते साफ करायचे. रबर डॅम, म्हणजे दाढेभोवती ताणून बसवतात तो रबराचा पातळ पडदा, लावला होता हे बरं वाटलं, औषधाचं पाणी घशात जात नाही. घरी येऊन बधिरपणा उतरायच्या आत चहा प्यायलो आणि ओठ भाजून घेतला, तो माझाच गाढवपणा. दोन दिवस चावताना लागलं, मग गेलं.

राग एकाच गोष्टीचा. आधी ४५०० सांगितले, कॅपचे, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपीचे, ६००० वेगळे हे तिसऱ्या सिटिंगला कळलं. अशी पोखरलेली दाढ कॅप नसेल तर चावताना तुटू शकते म्हणे, मग टोटल पहिल्याच दिवशी सांगायला काय जातं? ३ स्टार.